भुलाबाईचा डबा न हलवता खाऊ ओळखणारी पोर : वऱ्हाडातली जादूची कादंबरी लिहिताना

काळी_माती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते, पण आज मदत हवी आहे म्हणून लांबलचक लिहिते आहे.

मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. घराच्या ओसरीत दोन कपाटं भरून मुलांची पुस्तकं ठेवली आहेत. रविवारी सातवी ते दहावीची पंधरा-वीस मुलं येतात, ओसरीत, पायरीवर, निंबाच्या पारावर बसून वाचतात. सगळ्यात आधी फाटतात ती जादूची पुस्तकं. गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या एका पोरीनं असंच एक पुस्तक परत देताना विचारलं, "ताई, जादू येनारे सारे पोट्टे त्या बर्फाच्या देशातलेच काहून अस्ते? आपल्या इकडं कोनालेच काहून नाई येत?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून मी लिहिते आहे. आतापर्यंत सहा प्रकरणं झाली, त्यातली चार फाडली.

नायिकेचं नाव पुर्णी, वय तेरा. नाव पूर्णा नदीवरून ठेवलंय. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. मुली घरोघरी गाणी म्हणत जातात आणि शेवटी घरची बाई डब्यात लपवलेला खाऊ कानाशी हलवून ओळखायला लावते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुर्णीला डबा हलवावाच लागत नाही, तिच्या जिभेवर आतली चव आधीच येते. पहिल्या वर्षी सगळ्या हसतात, दुसऱ्या वर्षी तिला शेवटी ओळखायला सांगतात, तिसऱ्या वर्षी बायका तिच्यासमोर डबा आणेनाशा होतात. मग एका उन्हाळ्यात तिच्या ध्यानात येतं की जमिनीखालच्या पाण्याचीही चव तिला पायातून कळते. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. इथे गोडं पाणी सापडणं म्हणजे काय, हे इथला माणूसच जाणे.

इथवर लिहिताना हात थांबत नव्हता. मग थांबला तो या आठवणीमुळे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहायच्या. अंगणात बोर होती, आम्हा पोरांना ओंजळभर बोरं द्यायच्या. एका वर्षी शेजाऱ्याची गाय आटली, मग वासरू मेलं, मग त्याच घरातलं लेकरू तापानं गेलं. कुणीतरी 'करणी' हा शब्द उच्चारला. त्या दिवसापासून विहिरीवर त्यांची बादली कुणी ओढू देईना. त्यांच्या दारावरून जाताना आई माझा हात घट्ट धरायची. एका पहाटे त्या गाव सोडून गेल्या. त्या वर्षी बोरं झाडाखाली पडून सडली, कुणी उचलली नाहीत. मीही नाही.

आता सांगा, अशा गावात मी तेरा वर्षांच्या पोरीला जादू कशी देऊ? थंड देशातल्या लेखकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तिकडे चेटकीण गोष्टीत गेली त्याला फार काळ लोटला. आमच्याकडे ती अजून गल्लीत आहे. माझं पुस्तक वाचून एखाद्या आजीचा "पाहा, असते म्हणूनच लिहिलं" असा समज झाला तर? आणि या भीतीनं लिहिलंच नाही, तर त्या आठवीतल्या पोरीला काय सांगू?

पूर्णाकाठ

ताई, जादूचं मला कळत नाही, पाण्याचं कळतं. बाळापूरकडचा शेतकरी आहे, त्यामुळे पाण्यापुरतं लिहितो.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे. नदीनं आणलेल्या गाळाचा जाड थर, वर काळी भारी माती आणि खाली खारं पाणी. लोकांना वाटतं खारं म्हणजे फक्त प्यायला वाईट. तसं नाही. हे पाणी शेताला दिलं तर दोन-तीन वर्षांत जमीन चोपण होते, वर पांढरा थर येतो, पाऊस पडला की पाणी मुरत नाही आणि वाळली की दगड. म्हणून विहिरीत पाणी दिसत असूनही आमची शेती पावसावरच. डोळ्यांपुढं पाणी आहे आणि हात लावायचा नाही, हे लेकरू लहानपणापासून पाहतं. तुमच्या पुर्णीच्या मनात हे पहिल्या पानापासून असायला पाहिजे.

दुसरं, चव. आमचा पाहुणा पुण्याहून आला की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. आम्हाला मात्र ती चव म्हणजेच पाणी. मी पहिल्यांदा सातपुड्याच्या पायथ्याला, अकोटच्या वर, झऱ्याचं पाणी प्यायलो तेव्हा मला ते फिकं लागलं होतं. पुर्णीला गोडं पाणी पहिल्यांदा कसं लागतं ते नीट लिहा. आवडलंच पाहिजे असं नाही.

आता नळयोजना आल्या, धरणाचं पाणी कुठं कुठं पोचतं, पण ते कधी चार दिवसांनी, कधी पंधरा. मधल्या दिवसांत जारवाला. बोअरचं पाणी यंत्रातून काढून वीस लिटरच्या जारमध्ये विकतो. ज्याला जार परवडत नाही तो बोअरचंच पितो, आणि आमच्याकडे किडनीच्या आजारानं घरंच्या घरं बसली आहेत. फुकट गोडं पाणी दाखवणारी पोर गावात निघाली तर पहिला कोण घाबरेल याचा विचार करा.

उजेड_हवा

मी स्पष्ट लिहितो. वर्धा जिल्ह्यात बावीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो आहे. माझं मत : लिहू नका.

तुम्ही सांगितलेल्या बाईंसारख्या बायका मी पाहिल्या आहेत. एकीला रात्री गावाबाहेरच्या देवळात बसवून "कबूल कर" म्हणत होते. आम्ही पोचलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. गुन्हा नोंदवायला पहाट झाली.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, आणि त्यांना तो पाहायला मिळाला नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याच्या अनुसूचीत काय आहे बघा : अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असा संशय पसरवणं हाच गुन्हा. तुमच्या शेजाऱ्याची आटलेली गाय कायद्यात जशीच्या तशी आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रावर ठेवणं, तेही आहे. आपल्याकडे पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशानं माणसं जातात ती कितीतरी वाटेत वेळ गेल्यामुळे. लस तालुक्याला असते आणि माणूस मांत्रिकाच्या ओट्यावर.

आणि या मातीत तुम्ही 'एका मुलीच्या अंगात शक्ती आहे' असं तेरा वर्षांच्या मुलांना सांगणार. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. लोकांपुढे उभं राहून एकेक प्रश्न विचारत त्यांनी लोकांच्याच तोंडून उत्तरं काढून घेतली. ते काम पुढे नेणारी गोष्ट लिहा, तुमच्याजवळ लेखणी आहे.

काळी_माती

@पूर्णाकाठ, फिक्या पाण्याचं वाचून अंगावर काटा आला. मलाही तसंच झालं होतं, नागपूरला शिकायला गेले तेव्हा. विसरून गेले होते.

@उजेड_हवा, तुमचा राग मला पटतो. तुम्ही ज्यांना वाचवलंत त्यांच्याबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पण मुलं जादूची पुस्तकं वाचतच आहेत. मांत्रिकाचा ओटाही पाहत आहेत. दोन्हींच्या मध्ये त्यांच्याशी बोलणारं एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही.

झाडीचा_माणूस

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजकडून लिहितो. एक तक्रार आधी. धाग्यात कुणी 'विदर्भ' म्हटलं की वऱ्हाडच धरतात. तुमच्याकडे पाणी खारं, आमच्याकडे तलावच तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत, 'माजी मालगुजारी'चं आम्ही 'मामा तलाव' करून टाकलं. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं ओळखून तलावांच्या पाळी (बांध) बांधल्या. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं पावसात शेतात उभी राहून पाणी कुठं वळेल ते सांगायची. कुणी त्याला जादू म्हटलं नाही, कसब म्हटलं. पुर्णीचं ओळखणं आणि या माणसांचं ओळखणं यातलं अंतर कुठं आहे, ते तुमच्या मनाशी पक्कं असू द्या.

जादूच्या गोष्टी आमच्याकडे भरपूर. चंद्रपूरच्या खांडक्या बल्लाळशाची घ्या. अंगभर गळवं आलेला गोंड राजा, झरपट नदीच्या पाण्यानं त्याचं अंग बरं झालं, आणि मग त्याच्या कुत्र्याच्या मागे ससा लागला. कुत्रा पुढं, ससा मागं! जिथं दुबळा जीव बळकटाच्या मागे धावतो ती जागा राजधानीला चांगली, असं राणीनं सांगितलं म्हणतात. किशोरवयीन मुलांच्या कादंबरीला याहून चांगलं बीज मला माहीत नाही.

पण एक विनंती मनापासून. पुर्णीला पुढच्या भागात 'जंगलातल्या आदिवासी बाबांकडून विद्या' शिकायला पाठवू नका. प्रत्येक गोष्टीत शहराचा माणूस शक्ती घ्यायला जंगलात येतो. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला जा, किती लांबून गोंड माणसं येतात ते बघा. पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड ही त्यांची श्रद्धास्थानं आहेत, कुणाच्या नायिकेला मंत्र द्यायला बसलेली पात्रं नव्हेत.

काळी_माती

@झाडीचा_माणूस, कबूल करते, फाडलेल्या चार प्रकरणांपैकी एकात असे बाबा होते. मेळघाटातले. कागद फाडला तेव्हा कारण नीट कळलं नव्हतं, फक्त खोटं वाटत होतं. आता कारण कळलं.

निळी_बस

मी १९ वर्षांची आहे, नर्सिंगला शिकते. आठवी ते बारावी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींसाठीच्या निळ्या बसनं तालुक्याला शाळेत गेले, म्हणून हे नाव. गावातून चार मुली जायचो. बसमध्ये जाताना सव्वा तास आणि येताना सव्वा तास मी जादूची पुस्तकं वाचली. उजेड_हवा काका, तुम्हाला एक सांगायचं आहे. मी ती वाचून मांत्रिकावर विश्वास ठेवायला लागले नाही. उलट, त्या पुस्तकांमुळे मला पहिल्यांदा वाटलं की घरचे जे 'असंच असते' म्हणतात ते तसंच असलं पाहिजे असं काही नाही.

ताई, दोन गोष्टी सांगते.

पहिली. पुर्णीची शक्ती पाळीबरोबर आणू नका. खूप पुस्तकांत तसं असतं, मुलगी 'मोठी' झाली की ताकद जागी होते. तिकडच्या मुलींना ते छान वाटत असेल. आमच्याकडे त्याच दिवशी सांगतात की मटक्याला हात लावू नको, लोणच्याला लावू नको, तुळशीपाशी जाऊ नको. म्हणजे तुझ्या हातानं वस्तू नासतात, असंच ना? गडचिरोलीच्या माडिया गावांत तर कुर्माघर असते, त्या दिवसांत बाईनं गावाबाहेरच्या त्या खोलीत राहायचं. मी प्रशिक्षणात तिकडे गेले होते, पावसाळा होता, आत पाणी होतं. बाईच्या अंगात त्या दिवसांत काहीतरी 'असते' ही समजूतच तर मोडायची आहे. तुम्ही तीच जादू म्हणून परत देऊ नका. भुलाबाईच्या डब्यापासून सुरू केलंय ना, तेच चांगलं आहे. लहानपणापासूनचं आहे, तिचं तिचं आहे.

दुसरी. आमच्या घरी दर गुरुवारी गजानन महाराजांची पोथी वाचतात. आकोलीच्या कोरड्या विहिरीला महाराजांच्या कृपेनं पाणी लागलं ती गोष्ट मला पाठ आहे. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, हे एखाद्या बाईनं केलं असतं तर? आजी खूप वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तं तिले गावात राहू नसतं देल्लं." माझी आजी महाराजांची भक्त आहे, मीही आहे. पण तिचं ते उत्तर मी विसरले नाही. पुर्णीनं पाणी दाखवल्यावर गावातले किती लोक तिच्या पाया पडतील, किती जण दार लावून घेतील, आणि तेच लोक दोन्ही कसे करतील, मला ते वाचायचं आहे.

पूर्णाकाठ

निळी_बस, पोरी, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग.

उजेड_हवा

कालपासून निळी_बसचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझी भूमिका मी थोडी बदलतो आहे. थोडीच.

आमच्या कार्यक्रमात आम्ही नारळातून रक्त काढून दाखवतो, पाण्यानं दिवा पेटवून दाखवतो, आणि मग कसं केलं ते सांगतो. मुलं त्या सांगण्यापेक्षा आधीच्या क्षणाला जास्त डोळे विस्फारतात. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, ते डोळे विस्फारणं वाईट नसावं. त्यावर कुणी धंदा करतो, कुणी त्या जोरावर बाईला मारतो, ते वाईट.

तेव्हा लिहिणार असाल तर माझ्या अटी. पुर्णीनं कधीही पैसे घेऊ नयेत, आणि पैसे घेणारा कुणीतरी पुस्तकात असावा. तिचं चुकावं, निदान एकदा मोठं चुकावं, आणि चुकल्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागावी. तिनं रोग बरा करू नये. कधीच. गावात कुणाला साप चावेल तेव्हा लोक पुर्णीकडे धावतील आणि ती सांगेल की गाडी काढा. ते प्रकरण तुम्ही लिहिलंत तर मी स्वतः शंभर प्रती शाळांत वाटीन.

आणि तिची परीक्षा घ्या. गावातली पोरंच घेतील. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, कुठल्याही जारवाल्याकडे असतं, खिशात मावतं. दहा ग्लास भरायचे, तिनं ओळखायचे, मग मीटर बुडवायचं. कुणी मोठा माणूस हे करणार नाही, ते पाया तरी पडतील नाहीतर दगड तरी मारतील. पोरं मोजतील.

काळी_माती

काका, ही परीक्षा मी घेणार. तुमची परवानगी गृहीत धरते. सापाचं प्रकरणही.

जादूची किंमत काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. प्रत्येक वेळी गोडं पाणी सापडलं की पुर्णीच्या जिभेवरची एक चव कायमची जाते, असं लिहून पाहिलं. आधी आवळा, मग अंबाडीची भाजी, मग आईच्या हातची भाकर. लिहिताना रडले. पण निळी_बसचं वाचल्यावर वाटतंय की पोरीला काही येत असेल तर तिला शिक्षा झालीच पाहिजे, हे मी कुठून आणलं? त्या बोरीवाल्या बाईंना काहीच येत नव्हतं, तरी शिक्षा झाली. किंमत गाव वसूल करतं, जादू नाही. चवी परत देते आहे पुर्णीला. सगळ्या.

भुलाबाईच्या प्रसंगाचा तुकडा खाली देते. बोलीबद्दलही सांगा. निवेदन प्रमाण ठेवलंय, संवाद वऱ्हाडीत.

*डबा पितळेचा होता, झाकण घट्ट. काकूनं तो अजून पदराखालून काढलाही नव्हता आणि पुर्णीच्या जिभेवर मीठ आलं. मग हिरवी, कोवळी चव. मग तिखटाचा चटका.*

*"हालवू का वं?" काकूनं विचारलं.*

*"नोका हालवू," पुर्णी म्हणाली. "हरभऱ्याचे सोले हायेत. मीठ जास्त झालं. अन् डबा तुमचा नाई काकू, मांगच्या घरच्या बुढीचा हाय."*

*गाणं थांबलं. बुढी चैतात वारली होती. तिच्या घरातलं काय कुणी नेलं यावरून दोन भावांत अजून बोलणं नव्हतं. काकूनं झाकण उघडलं नाही. ती पुर्णीकडे पाहत राहिली, मग डबा पदरानं झाकून आत निघून गेली. खाऊ कुणालाच मिळाला नाही. लहान पोरी रडायला लागल्या.*

*परतताना कुणी पुर्णीचा हात धरला नाही. नाल्यापाशी तिनं पाय धुतले तेव्हा ओल्या मातीतून चव वर चढली. खारी. एक पाऊल पुढं, खारी. तिसऱ्या पावलाला, बाभळीच्या मुळापाशी, दुसरंच काहीतरी. चवच नसल्यासारखं. तिनं पाय मागं घेतला आणि कुणी पाहिलं का म्हणून वळून बघितलं.*

खिळे_जुळवणारा

अमरावतीत छापखान्यात आयुष्य गेलं, आधी खिळे जुळवायचो, पुढं मुद्रितं तपासायचो. तुकडा आवडला. "डबा तुमचा नाई" हे वाक्य तिच्या तोंडून निघतं आणि तिला कळतही नाही की आपण चोरी उघड केली. तेरा वर्षांचं पोर असंच बोलतं.

बोलीबद्दल. 'मांगच्या', 'नोका' याचे अर्थ कुठंही देऊ नका. पुण्या-मुंबईचं पोर दोन पानांत शिकेल, जसं इथलं पोर परक्या देशातल्या मिठायांची नावं शिकतं. प्रकाशक म्हणेल बोली कमी करा, विक्री होईल. ऐकू नका. आपल्या रिद्धपूरला महानुभाव मंडळींनी तेराव्या शतकात, पंडितांची भाषा संस्कृत असताना, लोकांच्या मराठीत गद्य लिहून ठेवलं. ते लिहिणाऱ्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

एकच बदल. शेवटच्या परिच्छेदात निवेदन पुर्णीच्या इतकं जवळ गेलंय की तिथं प्रमाण भाषा उपरी वाटते. 'पाऊल' ठेवा, पण 'वळून बघितलं'ऐवजी 'वळून पाह्यलं' चाललं असतं. असे दोन-चार थेंबच पडू द्या.

निळी_बस

मला काकू वाईट वाटली नाही, घाबरलेली वाटली. तिला तसंच ठेवा ना. नंतर करणी हा शब्द पहिल्यांदा तिच्याच तोंडून येणार असेल तर तिची भीती आम्हाला आधीपासून माहीत असेल.

आणि पुर्णीला लोणारला न्या! एखाद्या सहलीत. सरोवराचं पाणी इतकं खारं-क्षारी की २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, त्यातल्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आणि वर काठावर गोमुखाची धार बारा महिने गोड. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं असं सांगतात. सगळी शाळा फोटो काढत असेल आणि पुर्णीला एकटीला तिथं पाय ठेवता येणार नाही, इतक्या चवी एकदम.

काळी_माती

निळी_बस, हे मी उद्या पहाटेच लिहायला बसणार. सासू-सुनेच्या विहिरीपाशी तिची आई तिच्यासोबत असेल, सहलीत स्वयंपाकाला आलेली. आईला तिथं पहिल्यांदा कळेल की लेकीला खरंच काहीतरी होतं, कारण आईलाही लहानपणी होत होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. हे आत्ता टाइप करतानाच सुचलं.

@खिळे_जुळवणारा, 'पाह्यलं' केलं.

झाडीचा_माणूस

आईचं वाचून थांबलो. माझी आई पाऊस यायच्या आदल्या दिवशी सरपण आत घ्यायची. आम्ही कधी विचारलं नाही की तुला कसं कळतं.

दिवाळीनंतर इकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत रात्र-रात्र. एखाद्या नाटक मंडळीला दाखवा तुमचं हस्तलिखित. दहा ग्लासांची परीक्षा रंगमंचावर, पहाटे तीनला, हजार माणसांपुढं. सगळं पब्लिक श्वास रोखून बसेल.

पूर्णाकाठ

सगळे छान छान लिहून राहिले, म्हणून राहवत नाही. ताई, दोन चुका आहेत.

हरभऱ्याचे सोले भुलाबाईच्या दिवसांत कुठून आले? तेव्हा हरभरा पेरायचाच असतो. सोले मिळतील पुस-माघात. अश्विनात खाऊ म्हणून ओल्या शेंगा उकडून देतात, मीठ घालून. त्याच घाला, जास्तीचं मीठ तसंच राहील.

दुसरं नाल्याचं. बाभळीपाशी गोडं पाणी लागलं ते चालेल, नाल्याच्या काठाला पावसाचं पाणी मुरून काही दिवस उथळ झिऱ्यात गोडं लागतं, आम्ही लहानपणी हातानं उकरून प्यायचो. पण ते माघापर्यंत राहत नाही. पुर्णी त्याच जागेवर भर उन्हाळ्यात विहीर खणायला सांगेल आणि आठ हातांवर खारं लागेल. उजेड_हवा म्हणतात ती मोठी चूक इथंच करून टाका. कुणीतरी तिच्या शब्दावर कर्ज काढून खणलेली असेल. आमच्या शिवारात तशी एक आहे. पाणाड्यानं काठी फिरवून जागा दाखवली होती, चाळीस हजार घेऊन गेला. विहीर अजून उघडीच आहे, पावसाळ्यात पोरं त्यात बेडकं बघायला जातात.

काळी_माती

शेंगा केल्या. तिखटाचा चटका काढला.

ती विहीर पाहायला येऊ का? रविवारी मुलांना घेऊन येते, मीटरही आणते. बाळापूरची बस सकाळी किती वाजता आहे?

पूर्णाकाठ

अकोल्याहून सारख्या गाड्या आहेत. फाट्यावर उतरा, मी बैलगाडी घेऊन येतो. पोरांना सांगा, कडेला वाकायचं नाही, काठ खचलेला आहे.